उजागरे सरांच्या रक्ताची साय

माझा वरचा पुढचा दात मी अर्पणाच्या ताटात टाकला, असं आमच्या मंडळीत अजून सांगितलं जातं. ते साफ चुकीचं आहे. मी टाकला नाही. तो आपण होऊन गेला.

हंगामाच्या सणाचं कीर्तन होतं आणि बायबलच्या कथेतला दानीएल सिंहांच्या गुहेत होता. मी ख्रिस्ती कीर्तन करतो. शाळेत मराठी शिकवतो ते पोटासाठी, कीर्तन करतो ते जिवासाठी. पुढचा दात काढल्यापासून मी गुलाबी प्लेटवर बसवलेला, तारेच्या आकड्यांनी अडकवलेला एक खोटा दात वापरत होतो. त्या दिवशी "सिंहांची तोंडे बंद झाली" हे वाक्य मी जरा जास्तच जोरात घेतलं. सिंहांची झाली असतील, माझं मात्र उघडलं, आणि समोरून फिरत असलेल्या अर्पणाच्या ताटात दात प्लेटसकट जाऊन पडला. आमच्या शेजारच्या झुंबरबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी दाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरांचा काही नवस असेल असं समजून आपलं नाणं दाताशेजारी आदराने ठेवून ताट पुढे दिलं. दात शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि परत आला तो तारेचा आकडा मोडून. उरलेलं कीर्तन मी हातवाऱ्यांवर संपवलं.

हसायला ठीक आहे, पण मी मराठीचा मास्तर. त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरं. जिभेचं टोक दाताला लागलं की ती होतात. ज्याला पुढचा दातच नाही त्याने ही अक्षरं कोणत्या तोंडाने शिकवायची? सणाच्या दुसऱ्याच दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलीने अत्यंत अदबीने विचारलं, "सर, आता तुमची ही अक्षरं कशात धरायची?" मी फळ्याकडे तोंड केलं आणि तास संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी बायकोला, लिडियाला, सांगितलं की आता हलणारा दात नको. बसेल तो कायमचा.

"कायमचं काय असतं या जगात," लिडिया म्हणाली. "पण बघा विचारून प्रज्ञाला."

डॉ. प्रज्ञा भिंगारदिवे माझी विद्यार्थिनी. नगरच्या सावेडीत किराणा दुकानाच्या वर तिने नुकताच दवाखाना थाटला होता. गावातले लोक दाताला अजून जुन्या डॉक्टरांकडेच जायचे. हिच्याकडे यायचे ते बहुतेक खालच्या दुकानात वजन होईपर्यंत बसायला जागा हवी म्हणून. मी खुर्चीत आडवा झालो. तिने एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. डॉक्टर बोलत नाही तेव्हा माणसाला आपली सगळी पापं आठवतात.

"सर, इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू," ती म्हणाली. "तो हाडात बसवायचा आणि त्यावर दात चढवायचा. पण स्क्रूला धरायला हाड पाहिजे. तुमच्या दाताच्या मुळाशी वर्षानुवर्षं पू होता. त्याने हाड खाल्लंय. उरलंय ते एसटीच्या तिकिटाएवढं पातळ."

"मग?"

"आधी तिथे हाडाची भुकटी भरायची. काही महिन्यांत तिच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड वाढतं. त्या भुकटीत मला तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स मिसळायच्यात. जखम झाली की त्या तिथे आधी पोचतात आणि बाकीच्या पेशींना कामाला लावतात. थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, की जड तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट्सचा पिवळा भाग वर राहतो. तो घ्यायचा. परदेशात हे नुकतं सुरू झालंय. पुण्यात मी आमच्या सरांच्या हाताखाली केलंय. हाड लवकर आणि चांगलं भरतं असं म्हणतात. खात्री मी देत नाही."

"नगरमध्ये कुणी केलंय?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

त्यातलं "माझ्या माहितीत" मी ऐकलंच नाही. जिल्ह्यातला पहिला माणूस! खुर्चीतून मी उठलो तो ताठ. शिवाय जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्लेटलेट्सना 'रक्तबिंबिका' असा सुरेख शब्द आहे, हे मला माहीत होतं. इतका सुंदर शब्द असलेली वस्तू आपल्या अंगात आयुष्यभर फिरत होती आणि आपण तिचा काही उपयोग केला नाही, याची खंत वाटली.

चूक एकच झाली. घरी येताना फाटकाशी काकासाहेब भेटले. काकासाहेब मूळचे कोपरगावकडचे, दूध डेअरीतून निवृत्त झालेले, आणि आमचे भिंतीला भिंत शेजारी. त्यांना मी अभिमानाच्या भरात सगळं सांगितलं, रक्तबिंबिकांसकट.

काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे दुधाची साय काढत्यात तसंच की," ते म्हणाले. "यंत्र फिरलं की जड खाली, साय वर. सर, तुमच्या रक्ताची साय काढनार."

"अगदी तसंच नाही…"

"तसंच हाय. आमी जल्मभर तेच केलं."

ही बातमी काकासाहेबांनी झुंबरबाईंना सांगितली, झुंबरबाईंनी पाळकसाहेबांच्या घरी. वाटेत 'दात' हा शब्द गळाला, कारण तो फार क्षुल्लक होता. उरलं ते रक्त आणि हाड. रक्तात काहीतरी झालंय आणि हाडापर्यंत गेलंय, एवढ्यावर माणसाचं निदान व्हायला आणखी काय लागतं? रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी डोळे मिटून "आमचे प्रिय बंधू सत्यवान यांच्या असाध्य दुखण्यासाठी" प्रार्थना सुरू केली. मी तिसऱ्या रांगेत होतो. पाहतो तर मागच्या बाकावरून हुंदका. खुलासा करायला मी उभा राहिलो, तर दोन्ही बाजूंच्या माणसांनी माझे दंड धरून मला हळुवारपणे खाली बसवलं. "उभं राहू नका सर, त्रास होईल."

दुपारी झुंबरबाई पातेलं घेऊन घरी आल्या. आत पायाचा रस्सा होता.

"हाडाला लई चांगला," त्या म्हणाल्या. "माझ्या दिराला हेनंच उठवलं हुतं."

"अहो झुंबरबाई, माझा फक्त दात आहे."

"असंच म्हनत्यात समदे," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

रस्सा मात्र फार उत्तम होता, हे इथे नमूद केलं पाहिजे.

शाळेत तर कहर झाला. वैद्यकीय रजेचा अर्ज दिला, तर लेखनिकाने आजारांची यादी बोटाने वरून खालपर्यंत तपासली आणि दात हा अवयव आहे की नाही, असा मूलभूत प्रश्न काढला. माझ्या मते आहे. त्याच्या मते तो हलत असेल तर नाही. हा वाद चालू असताना शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी शाल आणि श्रीफळ आणून ठेवलेलं मला दिसलं. सहकाऱ्यांनी छोटासा हृद्य कार्यक्रम योजला होता. खरा प्रकार कळल्यावर सगळ्यांना आनंद झाला, असं ते म्हणाले. पण चेहऱ्यांवर किंचित निराशा होती, ती मी ओळखली. शाल परत कपाटात गेली. नारळ तेवढा तिथेच फोडला, कारण तो टिकला नसता. माणसाचं नुसत्या दातावर निभावलं म्हणून लोक त्याच्यावर रागावतात, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

रक्त नीट ठिकाणी फिरवावं म्हणून प्रज्ञाने आधी मला चौकशीला एका रक्तपेढीत पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी पेन उघडलं.

"रक्त कुणाला द्यायचंय?"

"मला."

"देणार कोण?"

"मीच."

त्यांनी पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं. "रुग्णाशी नातं?"

"जवळचं," मी म्हणालो.

"कारण?"

"दात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. बाजूच्या बाकावरची माणसं मोठ्या शस्त्रक्रियांसाठी, बाळंतपणांसाठी रक्ताची वाट बघत होती. त्यांच्यासमोर मी दाताचं कारण घेऊन उभा होतो. त्या गृहस्थांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण जिन्यावरून उतरताना माझी मान खाली होती.

शेवटी प्रज्ञाचा शाळेतला वर्गमित्र प्रशांत मदतीला आला. त्याची रक्त तपासायची लॅब दवाखान्यासमोरच होती, आणि तिथे फिरवायचं यंत्र होतं. दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस ठरला. सकाळी मी आणि लिडिया पोचलो, तर लॅबच्या पायऱ्यांवर निम्मी कॉलनी हजर. काकासाहेब यंत्र बघायला आले होते, झुंबरबाई पातेलं घेऊन, आणि पाळकसाहेब कुणीतरी असावं म्हणून.

प्रशांतने माझ्या हातातून रक्त काढलं. रबरी बुचाच्या निर्जंतुक नळ्या भरल्या. त्या यंत्रात समोरासमोर बसवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्राने सूर धरला न धरला तोच कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून मोठा आवाज आला, धूर निघाला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. यंत्र उसासा टाकून थांबलं. प्रशांतने खाली जाऊन चौकशी केली. संध्याकाळशिवाय काही होणार नाही, असं कळलं.

प्रज्ञा मला बाजूला घेऊन गेली. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, आज राहू द्या. पुन्हा कधीतरी करू."

"रक्त काढलंय, त्याचं काय?"

"जाईल वाया." तिने पायऱ्यांकडे पाहिलं. "बाहेर बघा ना किती लोक आहेत. आधीच म्हणतात, पोरगी नवीन आहे, सरांवर प्रयोग करतेय. आता म्हणतील, सरांचं रक्त काढलं आणि टाकून दिलं. माझ्याकडे मग कोण येणार?"

तोवर मी सगळा विचार माझ्या दाताचा केला होता. या खुर्चीत माझ्याबरोबर हिचाही दवाखाना बसलाय, हे तेव्हा लक्षात आलं. मला स्वतःचा राग आला आणि तिची माया वाटली.

दाराशी उभे राहून काकासाहेब सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "डॉक्टरीनबाई, आमच्या डेअरीत हातानं फिरवायचं यंत्र हाय. फॅट काढायचं. इजेबिजेची कटकट न्हाई."

"काका, त्याला दुधाच्या नळ्या लागतात. या त्यात बसायच्या नाहीत."

पण 'हाताने फिरवायचं' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तसंच एक यंत्र होतं. टेबलाच्या कडेला पकडीने आवळायचं, वर चार नळ्यांची घरं, बाजूला दांडा. विज्ञानाचे मास्तर वर्षातून एकदा त्यात गढूळ पाणी फिरवून दाखवत. मी प्रज्ञाला सांगितलं. तिने डोळे बारीक करून विचार केला.

"वेग फार लागत नाही," ती म्हणाली. "पण एकसारखा पाहिजे. आणि नळी बंद राहिली तर यंत्र कुठलं याने फरक पडत नाही. बघू या. पण थर नीट नाही पडले तर मी ते तुमच्या हाडात भरणार नाही, आधीच सांगते."

मी हेडमास्तरांना फोन लावला.

"डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतली वस्तू शाळेबाहेर नेता येत नाही," हेडमास्तर म्हणाले. "संस्थेची परवानगी लागते, आणि चिटणीस दिवाळीला गावी गेलेत."

"शाळेच्या आत वापरता येते का?"

"शैक्षणिक कामासाठी."

"हे शैक्षणिकच आहे," मी म्हणालो. "माझी विद्यार्थिनी करणार आहे."

पलीकडून किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "किल्ली घेऊन मीच येतो. उद्या मला लेखी उत्तर द्यायला नको."

अशा रीतीने वस्तू रक्ताकडे येत नाही म्हणून रक्त वस्तूकडे निघालं. लिडियाने नळ्यांचा डबा मांडीवर घेतला, रिक्षात मी एका बाजूला, प्रज्ञा दुसऱ्या बाजूला. काकासाहेब आणि प्रशांत मागून लुनावर. पहिल्याच खड्ड्यात रिक्षा उडाली.

"हळू घ्या हो," लिडिया म्हणाली. "ह्यांचं रक्त आहे."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तर बसलेत की हितं."

त्यानंतर मात्र त्याने रिक्षा इतकी हळू चालवली की सायकली पुढे जाऊ लागल्या.

प्रयोगशाळेत यंत्रावरची धूळ हेडमास्तरांनी स्वतःच्या रुमालाने पुसली. प्रज्ञाने दांडा एकदा फिरवला की वरची घरं किती वेळा फिरतात ते पाहिलं आणि फळ्यावर खडूने गणित मांडलं. ती फळ्यापाशी उभी आणि आम्ही सगळे बाकांवर. हेडमास्तरसुद्धा. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण फळ्यावरचं तिचं ते अक्षर बघून माझी छाती आपोआप पुढे आली.

काकासाहेबांनी बाह्या सरसावून दांडा धरला आणि डेअरीच्या सवयीने सुसाट सुरू केलं.

"काका, हळू. असं कमीजास्त चालणार नाही."

काकासाहेबांनी वेग कमी केला, तो फारच कमी झाला. पुन्हा वाढवला. घाम आला. "बाई, हाताला काय घड्याळ हाय का," ते म्हणाले.

तेव्हा मी उठलो. लयीचं काम असेल तर उजागरे सरांना विचारावं लागतं. प्रज्ञाला हवा तेवढा वेग होईपर्यंत मी टेबलावर बोटांनी ठेका कमीजास्त करून पाहिला. तिने मान डोलावली, तिथे तो पकडला आणि दातावाचून जमेल तसं एक भजन धरलं. फटीतून प्रत्येक 'स' ची शिट्टी वाजत होती, पण लय अभंग होती. काकासाहेबांचा हात त्या ठेक्यात पडला. लिडियाने टाळ्या धरल्या. काकासाहेब दमले तेव्हा प्रशांतने त्यांच्या हातावर हात ठेवून मात्राही न चुकवता दांडा घेतला. हेडमास्तर गंभीर चेहऱ्याने घड्याळ बघत होते, पण त्यांचा बूट जमिनीवर ठेका धरत होता हे मी पाहिलं.

"सोडा," प्रज्ञा म्हणाली. "धरून थांबवू नका. आपोआप थांबू द्या."

यंत्र हळूहळू थांबलं. तिने एक नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. खाली गडद तांबडं, वर गवतासारखं पिवळं आणि मध्ये पांढुरकी बारीक रेघ. माझ्याच आतलं ते, पण एखाद्या परक्या पाहुण्यासारखं मी त्याच्याकडे बघत होतो.

"सायच हाय," काकासाहेब हळूच म्हणाले, आणि या वेळी प्रज्ञानेही नाही म्हटलं नाही.

बुचातून सुई घालून रेघेलगतचा पिवळा भाग तिने सिरिंजमध्ये ओढून घेतला. एक थेंब प्रशांतला दिला. त्याने लॅबवर परतल्यावर सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर खिडकीतला उजेड घेऊन तो तपासला आणि समोरच्या खिडकीतून प्रज्ञाला अंगठा दाखवला. साध्या रक्तापेक्षा बिंबिका भरपूर होत्या. तेवढ्यात दवाखान्यातला पंखा फिरू लागला. संध्याकाळी येणारी वीज दुपारीच आली होती. काकासाहेबांना ते अजिबात आवडलं नाही.

हिरडी बधिर करून प्रज्ञाने काम सुरू केलं. पिवळ्या द्रवात तिने कसलेसे थेंब टाकले, आणि थोड्या वेळाने वाटीतलं ते दह्यासारखं घट्ट झालं. हाडाची भुकटी त्यात कालवून तिने माझ्या हाडाच्या खड्ड्यात भरली आणि टाके घातले. पुढचे काही दिवस मला बोलायची बंदी होती. लिडियाच्या मते आमच्या संसारातला तो सर्वांत सुखाचा काळ.

मग फक्त थांबणं. पावसाळ्याआधी काढलेल्या एक्स-रेत तिकिटाच्या जागी चांगली जाड पांढरी भिंत दिसली. प्रज्ञाने तो एक्स-रे मला दाखवण्याआधी दोनदा स्वतःच पाहिला. स्क्रू बसला, धरला, आणि कालांतराने त्यावर दात चढला. मी तडक आठवीच्या, म्हणजे आता नववीच्या, वर्गात गेलो आणि त, थ, द, ध, न अशी पंगत खणखणीत म्हणून दाखवली. तास भूमितीचा होता, पण भूमितीच्या मास्तरांनी समजून घेतलं.

दवाखान्यात आता किराण्याचं वजन होईपर्यंत बसणाऱ्यांना जागा मिळेनाशी झाली. झुंबरबाईंनीही दाढ दाखवली. आणि एके दिवशी प्रज्ञा घरी आली ती जरा अवघडून. जिल्ह्यातल्या दंतवैद्यांच्या सभेत तिला बोलायचं होतं, आणि बरोबर न्यायला रुग्ण हवा होता.

मी कोट इस्त्रीला दिला. भाषणही तयार केलं. रक्तबिंबिका या शब्दापासून सुरुवात, मधे लयीचं महत्त्व, शेवटी गुरू-शिष्य परंपरा.

सभेत मला समोर खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितलं. एकेक डॉक्टर येऊन छोटा आरसा आत घालून बघत होता. ज्यांच्याकडे सगळं नगर वर्षानुवर्षं जातं ते जुने डॉक्टरही आले. त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिलं, एक्स-रे पाहिले आणि आरसा माझ्या तोंडात तसाच ठेवून प्रज्ञाकडे वळले.

"हाड छान आलंय. पण मला सांगा, या प्लेटलेट्स न घालता नुसती भुकटी भरली असती तरी आलं नसतं का?"

माझ्या रक्ताचा हा उघड अपमान होता. मला कॉलनी, रिक्षा, दांडा, भजन, सगळं एकदम सांगायचं होतं. पण तोंडात आरसा होता.

"आलं असतं कदाचित," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "एका दातावरून ते सांगता येत नाही, सर. मी अजून करणार आहे, घालून आणि न घालता, दोन्ही. पुरेसे झाले की जे दिसेल ते इथेच येऊन सांगेन. नाही उपयोग झाला तर तेही सांगेन."

जुन्या डॉक्टरांनी एक्स-रे तिच्या हातात परत दिले. मग त्यांनी मान हलवली, बरोबरीच्या माणसाला हलवतात तशी.

माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला असावा. "सरांना काही बोलायचंय," प्रज्ञा म्हणाली आणि तिने माझ्या तोंडातला आरसा काढला.

सगळे माझ्याकडे बघत होते. खिशात भाषण होतं. मी उभा राहिलो, कोट नीट केला.

"ती म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो, आणि बसलो.